नोंदवहीतला वडिलांचा रकाना

जूनच्या पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर सोलापूरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पालकांची सभा भरली. बारावी झालेली काही मुले त्या महिन्यात शिक्षणासाठी पुण्याला निघाली होती, आणि त्यांच्या आधी गेलेल्यांपैकी पुष्कळजण तिथे कोणत्याच मंडळीत जात नाहीत, हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकले होते. सभेत लगेच दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की मुले हातची चालली आहेत, तेव्हा लगाम आवळावा. दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलाने आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, शिकवणीला हजेरी सक्तीची करावी, मंडळीबाहेर लग्न करणाऱ्याचे नाव सभासदांच्या यादीतून काढावे, दरमहा पैसे पाठवताना रविवारच्या उपासनेचा हिशेब मागावा. एक गृहस्थ तर उठून म्हणाले की माझ्या मुलाने विश्वास सोडला तर त्याने माझ्या घरादारावरचा हक्कही सोडावा, आणि त्यावर काही जणांनी ‘आमेन’ म्हटले. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की विश्वास ही ज्याची त्याची बाब आहे, देव आपल्या लेकरांना सांभाळायला समर्थ आहे, आईवडिलांनी जिवाला घोर लावून घेऊ नये. दीड तास बोलणे झाले आणि जो तो आपापल्या मतासह घरी गेला. मी या मंडळीत चोवीस वर्षे संडे स्कूल शिकवते. माझी स्वतःची मुलगी गेली तीन वर्षे पुण्यात नोकरी करते आहे, आणि ती रविवारी उपासनेला जाते की नाही हे मला ठाऊक नाही, कारण तसे विचारण्याचे धाडस मला झालेले नाही.

हा वाद आपण चुकीच्या जागी उभे राहून घालतो आहोत, असे त्या दिवसापासून मला सारखे वाटते. दोन्ही तट विश्वासाला वडिलोपार्जित दागिन्यासारखे मानतात. एकाला तो तिजोरीत कुलूपबंद ठेवायचा आहे, आणि दुसरा म्हणतो की मुलाला आवडला तर घालील, न आवडला तर मोडील. मला वाटते की काळजी रास्त आहे आणि ती कुणी सोडू नये, पण तिचे तोंड मुलांकडून वळवून आपल्याच घराकडे केले पाहिजे. आणि आशा धरायची ती मूल आपल्यासारखे होईल अशी धरू नये. प्रश्न विचारण्याच्या ज्या हक्काने आपले पूर्वज ख्रिस्ती झाले तोच हक्क आपण मुलाला दिला, तर देव त्याच्याशीही बोलेल, अशी धरावी. मराठी ख्रिस्ती माणसाला ही गोष्ट इतरांच्या आधी कळायला हवी होती. आपला समाज काही अंशी तरी आईवडिलांचे न ऐकलेल्या मुलांनीच उभा केलेला आहे.

काळजी करणाऱ्यांची बाजू मी आधी मांडते, कारण ती हलकी नाही. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक दहा लाख ऐंशी हजारांच्या आसपास होते, म्हणजे शंभरात जेमतेम एक, आणि त्यांतलाही मोठा भाग मुंबई, वसई, पुणे या पट्ट्यात. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८६०च्या दशकात सुरू झाले. त्यातून वाढलेल्या मंडळ्यांत दोनशे-तीनशे कुटुंबे असणे हीसुद्धा मोठी गोष्ट मानली जाते. एवढ्याशा समाजातून एक घर गळाले तर ती जागा कुणी भरत नाही. नाताळच्या कॅरलला एक आवाज कमी होतो, दफनभूमीतल्या कबरीवर फुले ठेवायला कुणी उरत नाही. गिरण्यांचे भोंगे बंद झाल्यावर सोलापूरने आपली शिकलेली मुले पुण्याला दिली, तशी आम्हीही दिली. बहुसंख्याकांचे मूल परगावी गेले तरी त्याचे सण त्याला रस्त्यावर भेटतात, दुकानांच्या पाट्यांवर भेटतात. आमच्या मुलाला त्याचा रविवार स्वतः शोधून काढावा लागतो, तोही अशा शहरात जिथे त्याला आडनावावरून कुणी ओळखत नाही. अशा आईवडिलांना ‘काळजी करू नका’ असे सांगणे म्हणजे पूर आलेल्या गावाला पाण्याचे गुणधर्म समजावून सांगण्यासारखे आहे.

‘मुलांना मोकळे सोडा’ म्हणणाऱ्यांचेही एक म्हणणे खरे आहे. सक्तीने धरलेला विश्वास हा विश्वासच नव्हे, आणि भीतीने वाकलेले गुडघे देवाला नको आहेत. पण यातून ते जो निष्कर्ष काढतात तो मला पटत नाही. मुलाला मातृभाषा शिकवताना आपण त्याची संमती घेतो काय? तो मोठा होऊन आपली भाषा निवडील म्हणून पाच वर्षे त्याच्याशी अबोला धरणारी आई त्याला मोकळे सोडत नाही, मुके करते. ज्याला काहीच दिले नाही त्याच्यापुढे निवडायलाही काही उरत नाही. शिवाय या मोकळेपणाच्या बोलण्यामागे पुष्कळदा आपला आळस लपलेला असतो, हे मी माझ्यावरून सांगते. मुलीला न विचारण्याला मी इतके दिवस तिच्या स्वातंत्र्याचा आदर म्हणत आले. खरे तर तिचे उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

आता इतिहासाकडे वळते. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. पुढे जालना भागात त्यांनी केलेले काम मराठी मंडळीच्या आठवणीत अजून ताजे आहे, आणि संडे स्कूलमध्ये त्यांची गोष्ट मीही पुष्कळदा सांगितली आहे. पण त्या गोष्टीत एक धाकटा भाऊ होता, श्रीपत. तो वयात आलेला नव्हता आणि मिशनरीच्या घरी राहत होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली, आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या ताब्यात दिले. नंतर त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून मोठे वादळ उठले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले, म्हणून सनातन्यांनी त्यांनाही सोडले नाही. वर्षानुवर्षे ही हकिगत सांगताना मी नारायणच्या धैर्यावर थांबत असे. त्या वडिलांचे काय झाले असेल, एक मुलगा हातातून गेला आणि दुसरा कोर्टकचेरी करून परत मिळवावा लागला तेव्हा ते घरी जाऊन कसे बसले असतील, हे माझ्या मनात कधी आलेच नाही. जूनच्या त्या सभेत आले. घरादाराचा हक्क काढून घेऊ म्हणणाऱ्या गृहस्थांच्या आवाजात मला पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा तो बाप ऐकू आला.

आणि हक्काचाच विषय निघाला म्हणून सांगते. नव्या धर्मात गेलेल्या माणसाचा वारसाहक्क धर्म किंवा जात सोडल्याच्या कारणावरून बुडू नये, असा कायदा या देशात १८५० साली झाला. तो त्या वर्षाचा एकविसावा कायदा. त्या काळच्या अनेक हिंदू वडिलांना तो घोर अन्याय वाटला. धर्म सोडणाऱ्याने बापाच्या जमिनीवर हक्क सांगावा, हे त्यांना सहन होत नव्हते. मिशनऱ्यांनी आणि आपल्या पूर्वजांनी मात्र त्याचे स्वागत केले, कारण माणसाची सदसद्विवेकबुद्धी आणि त्याच्या ताटातली भाकरी यांची गाठ बांधू नये हे तत्त्व त्यात होते. तेच आपण आज उलट्या बाजूने मांडणार आहोत काय? बापाने बेदखल केलेल्या मुलाला ज्या कायद्याने उभे केले, त्याच्या आशयाला आपण आपल्या मृत्युपत्रात नाकारणार असू, तर आपल्या पूर्वजांना तेव्हा मिळालेला न्याय त्यांचे नशीब होते असे म्हणावे लागेल.

यावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप येईल, आणि सभेत तो एका भगिनींनी खाजगीत माझ्याजवळ घेतलाही. त्या म्हणाल्या, ‘ताई, नारायण शेषाद्री सत्याकडे गेले. आपली मुले सत्यापासून दूर चालली आहेत. दोन्ही एकाच मापाने कशी मोजायची?’ मी स्वतः श्रद्धावान आहे, तेव्हा दिशेने काही फरक पडत नाही असे मी म्हणणार नाही. फरक पडतो, म्हणून तर रात्री झोप येत नाही. पण शेषाद्रींचे वडील काय समजत होते? त्यांच्या लेखी त्यांचा मुलगा अंधारात चालला होता. दिशा कोणती बरोबर, हे ठरवणारे आपण दोघेही बापच आहोत, आणि आपापल्या परीने दोघांचीही खात्री आहे. म्हणून दिशेचा निवाडा देवावर सोडला तरी साधनांचा निवाडा एकाच मापाने झाला पाहिजे. पैसा, वारसा, बहिष्कार ही साधने त्यांनी आपल्यावर वापरली तेव्हा चुकीची होती, तर आपण आपल्या मुलांवर वापरली म्हणून शुद्ध होत नाहीत. आणखी एक फरक त्या भगिनींच्या लक्षात आला नव्हता. आमची बहुतेक मुले कुणाचे दुसरे सत्य पटले म्हणून गेलेली नाहीत. त्यांनी एखादा प्रश्न विचारला, आम्ही गप्प केले, आणि मग तीही गप्प झाली. बंड करणाऱ्याशी निदान भांडता तरी येते. मुकाट्याने निघून गेलेल्याशी कसे भांडणार?

सक्ती न करता वाट पाहणे म्हणजे हातावर हात धरून बसणे, असा जो समज आहे त्याला उत्तर द्यायला लक्ष्मीबाई टिळकांइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि लक्ष्मीबाईंचे जग कोसळले. ‘स्मृतिचित्रे’ ज्याने वाचली आहेत त्याला ती वर्षे सांगायला नकोत. दुःख, नातेवाईकांचे टोमणे, मुलाची ओढाताण, आणि तरीही नवऱ्यावरचे न तुटलेले प्रेम. पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या तरी त्यांनी आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. टिळक काही शांत स्वभावाचे गृहस्थ नव्हते, पण बायकोच्या श्रद्धेचा निर्णय त्यांनी तिच्याकडेच राहू दिला. मग एक दिवस लक्ष्मीबाईंच्याच मनात जातिभेदाचा विचार सुरू झाला. हे भेद देवाने केलेले नाहीत, माणसाने केले, असे त्यांच्या मनाने घेतले आणि सोवळे आपोआप गळून पडले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. या कालावधीत टिळक गप्प नव्हते, ते कविता करत होते, लोकांत मिसळत होते, रागावत होते, चुकत होते, आणि हे सगळे लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांसमोर चालले होते. त्यांच्यावर परिणाम झाला तो समोर दिसणाऱ्या या जगण्याचा. आपल्याकडच्या किती घरांत मुलांना पाहायला असे काही असते?

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आईच्या दृष्टीने मला याहूनही जवळचे वाटते. १८८३च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी आणि त्यांच्या अडीच वर्षांच्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांचे मनोरमेवर अपार प्रेम होते, आणि या मुलीला अँग्लिकन पंथाच्या चौकटीत नीट वाढवावे असा त्यांचा आग्रह होता. रमाबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रे आज वाचायला मिळतात. त्यांत कृतज्ञता आहे आणि झुंजही आहे. एका पुरोहितशाहीचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवून आल्यावर दुसरे मानेवर घ्यायची माझी तयारी नाही, असे त्या स्पष्ट सांगतात, आणि मुलीच्या धर्मशिक्षणाबद्दल शेवटचा शब्द आईचा राहील हेही ठणकावतात. सिस्टर जेराल्डिन वाईट नव्हत्या. त्या आपल्या सभेतल्या पहिल्या तटासारख्या होत्या, प्रेमळ, काळजीने पोखरलेल्या, आणि प्रश्नाला अवज्ञा समजणाऱ्या. पुढे रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवले की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. ती अंतरीची खात्री त्यांना १८९१च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी आली. तेव्हा त्या तेहतीस वर्षांच्या होत्या, आणि संस्कृत, वेदान्त, ब्राह्मो समाज आणि बायबल हे सारे त्यांच्या अभ्यासात येऊन गेले होते. आपण मात्र सोळाव्या वर्षी दृढीकरणाची प्रश्नोत्तरे पाठ करवून घेतो आणि एकोणिसाव्या वर्षी मुलगा डगमगला की डोक्याला हात लावतो. मनोरमा मोठी झाल्यावर आईच्या कामात पडली, आपल्या शेजारच्या गुलबर्ग्याच्या शाळेचीही जबाबदारी तिने सांभाळली, आणि १९२१ साली आईच्या आधी काही महिने गेली. ती अशी घडली म्हणून रमाबाईंची पद्धत खात्रीची, असे मी म्हणणार नाही. बायबलातल्या शमुवेल संदेष्ट्याचे मुलगे लाच खाणारे निघाले, आणि शमुवेलाने त्यांना वाढवण्यात काय कसूर केली याबद्दल शास्त्र एक शब्दही बोलत नाही. कोणत्याही पद्धतीत हमी नसते, आणि ज्या आईवडिलांची मुले गेली त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी हा अध्याय आधी वाचावा.

भाषेचाही एक मुद्दा आहे, तो थोडक्यात सांगते. मुले इंग्रजी माध्यमात शिकली. त्यांना ‘उपासना संगीता’तली गीते सलग वाचता येत नाहीत, ‘नीतिमान ठरवणे’, ‘प्रायश्चित्त’, ‘तारण’ हे शब्द कानावरून जातात, आणि पुण्यात गिटारवर चाललेली हिंदी-इंग्रजी गाणी त्यांना आपली वाटतात. आम्ही ताबडतोब म्हणतो, विश्वास गेला. गेली ती भाषा, आणि तिचे मला दुःख आहे. पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत. परदेशी चालींवर अनुवादित गीते म्हणणाऱ्या मंडळीत टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन यांना बळ दिले, तेव्हा तेही नवेच होते. आज आपण ज्याला जुने वळण म्हणून कवटाळतो ते त्या पिढीच्या धाडसातून आले आहे.

ज्या गोष्टीबद्दल आपण सभेत बोलत नाही, तिच्याबद्दल लिहिणे मला सर्वांत अवघड वाटते, पण मुलांच्या विश्वासाचा प्रश्न तिला वगळून सुटणार नाही. नगर-सोलापूरकडचे आपल्यापैकी बहुतेक जण महार-मांग समाजातून आलेले आहोत, काही तर १८७६-७८ आणि १८९९-१९००च्या दुष्काळांत मिशनच्या आधाराने जगलेल्यांचे वंशज आहोत. बाप्तिस्म्याने गावकुसाबाहेरचे घर गावात आले नाही. नाव बदलले का, असे अस्पृश्यता पाणवठ्यावर विचारत बसली नाही. तरीही १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ साली तो शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती आणि मुसलमान दलित मात्र बाहेरच राहिले. म्हणून कित्येक घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म असतो आणि देवघराच्या जागी लावलेल्या वचनावर दुसरा. मी त्या घरांना दोष देत नाही. दोन भावांपैकी एकाला नोकरी आणि दुसऱ्याला बिगारी, असा निवाडा एका कागदावर ठरत असेल तर आईवडिलांनी काय करावे, हे सांगायचा अधिकार पोट भरलेल्या माणसाला नाही. तो आदेश अन्यायाचा आहे आणि त्याविरुद्ध आपण बोलत राहिलेच पाहिजे. पण मुलाचे काय? सहाव्या वर्षी त्याला सांगितले जाते, ‘बाहेर कुणाला सांगू नकोस हं’, आणि दर रविवारी गायला लावतात की मी ख्रिस्ताची लाज धरणार नाही. विश्वास ही घरात म्हणायची आणि कागदावर लपवायची गोष्ट आहे, हा धडा त्याने आपल्याच ओसरीवर गिरवलेला असतो. मग पुण्यात त्याने तो आणखी थोडा लपवला, आणि लपवता लपवता विसरला, तर तो आपल्या शिकवणीपासून दूर गेला असे कसे म्हणता येईल? निदान पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याला जवळ बसवून सगळे खरे सांगावे. आपण काय केले, का केले, कोणत्या कायद्यामुळे केले, त्याची आपल्याला लाज वाटते की नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाला त्याच्या वडिलांनी असे सांगितले. तो मुलगा आज नियमित उपासनेला येतो असे नाही. पण वडिलांशी देवाबद्दल बोलतो.

याच रांगेत आपली बाकीची अप्रामाणिकता येते. मंडळीच्या जमिनींचे खटले, समितीच्या निवडणुकीतली गटबाजी, प्रार्थनेत ‘प्रिय बंधू’ म्हणून घरी येताच त्याच बंधूचा उद्धार, लग्न जमवताना पूर्वीची जात हळूच विचारून घेणे. मुले हे सगळे पाहतात. सभेत मुलांच्या मोबाईलबद्दल पाऊण तास चर्चा झाली, यावर पाच मिनिटेही झाली नाही.

बायबलातल्या नीतिसूत्रांतले बावीसाव्या अध्यायाचे सहावे वचन त्या दिवशी तीन वेळा वाचले गेले, आणि तिन्ही वेळा ते हमीपत्रासारखे वाचले गेले: शिक्षण द्या, म्हणजे मूल म्हातारपणीही ढळणार नाही, ढळले, तर तुम्ही दिलेच नव्हते. पण आपल्या मराठी शास्त्रातले शब्द नीट पाहावेत. ‘मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे’, असे ते वचन सुरू होते. आपल्या स्थितीस अनुरूप नव्हे, मंडळीच्या सोयीस अनुरूप नव्हे. मुलाची स्थिती कोणती हे कळायचे असेल तर आधी त्याला विचारले पाहिजे आणि मधे न बोलता ऐकले पाहिजे. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तर मुलाचा प्रश्नच गृहीत धरलेला आहे. पुढे तुझा मुलगा विचारील की या आज्ञांचा आणि विधींचा अर्थ काय. तेव्हा त्याला ‘असे विचारू नये’ म्हण, असे तिथे लिहिलेले नाही. त्याला सांग की आम्ही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, फारो राजाचे दास होतो. म्हणजे आपली गोष्ट सांग, गुलामीची आणि सुटकेची. माझ्या अनुभवात आपल्या मुलांना मिसर देशाची गुलामी पाठ असते, आणि आपल्या पणजोबांच्या गुलामीबद्दल आणि ते कशातून बाहेर आले याबद्दल काहीही ठाऊक नसते, कारण ती सांगायला आपल्याला संकोच वाटतो.

संत मोनिकेच्या अश्रूंचा दाखला सभेत एका वडीलधाऱ्यांनी दिला: आईने इतकी वर्षे रडून प्रार्थना केली म्हणून तिचा मुलगा ऑगस्टीन, पुढचा मोठा ख्रिस्ती संत, परत आला. दाखला चांगला आहे, पण अर्धाच दिला गेला. ऑगस्टीन मानी या वेगळ्या पंथाच्या नादी लागलेला असताना मोनिका एका बिशपकडे गेली आणि माझ्या मुलाशी वाद घाला म्हणून मागे लागली. त्या बिशपने नकार दिला. तो आता ऐकायच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू द्या आणि प्रार्थना करा, वाचता वाचता त्याचे त्यालाच कळेल, असे तो म्हणाला; ती ऐकेना तेव्हाच तो अश्रूंबद्दलचे ते प्रसिद्ध वाक्य बोलला, की एवढ्या अश्रूंचा मुलगा नाश पावणे शक्य नाही. मोनिकेच्या हातून चुकाही झाल्या. ज्या स्त्रीबरोबर ऑगस्टीन वर्षानुवर्षे राहिला आणि जिच्यापासून त्याला मुलगा झाला, तिला दूर करून मानाच्या घरची मुलगी पाहण्यात आईचा पुढाकार होता, आणि ते लग्न शेवटी झालेच नाही. ऑगस्टीनला वळवले ते मिलानचे बिशप अँब्रोज यांच्या प्रवचनांनी, त्याच्या मित्रांनी, त्याने केलेल्या वाचनाने. ३८७ साली त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आई तिथे होती, आणि त्याच वर्षी ती वारली. यातून मी एवढेच घेते की मुलाच्या आयुष्यात आपल्याखेरीज दुसरी शहाणी माणसे असावी लागतात. आपली मुले पुण्यात कुणाकडे जातील, कुणाच्या घरी रविवारी जेवतील, कुणाला मनातले विचारतील, याची तजवीज सोलापूरच्या मंडळीने कधी केली आहे काय? हुतात्मा एक्स्प्रेसला बसवून देताना आपण शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा देतो, वसतिगृहाच्या खोलीचे भाडे ठरवतो, पण तिथल्या एकाही कुटुंबाचा फोन नंबर देत नाही.

लग्नाच्या प्रश्नावर मी इथे फार लिहिणार नाही. मंडळीबाहेर लग्न करणाऱ्याचे नाव यादीतून काढल्याने तो परत येईल असे कुणालाच खरोखर वाटत नाही. ती शिक्षा इतर आईवडिलांना धाक बसावा म्हणून असते. बायबलातल्या तीमथ्याचा बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होता, आणि तरी पौलाने त्याच्या आजीच्या आणि आई युनीकेच्या विश्वासाची आठवण त्याला आदराने करून दिली. आज आपल्या नियमाने युनीकेचे नाव यादीत राहिले असते काय?

सभेनंतरच्या आठवड्यात मी मुलीला फोन केला आणि विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आई, जात नाही. पण तू विचारलंस ते बरं केलंस, मला वाटायचं तुला फरकच पडत नाही.’ तिच्या काकूंच्या आजारपणात आपण सगळ्यांनी केलेल्या प्रार्थनांचे काय झाले, हा तिचा प्रश्न होता, आणि तो ती चार वर्षे मनात घेऊन फिरत होती. माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते, तसे मी तिला सांगितले. आता दर रविवारी रात्री आम्ही फोनवर एक स्तोत्र वाचतो, बहुतेक वेळा विलापाचे, आणि वाचून झाल्यावर ती भांडते. यातून पुढे काय निघेल ते मला ठाऊक नाही. काळजी तशीच आहे, पण आता मला निदान तिचा प्रश्न माहीत आहे.

पुढची सभा ऑगस्टमध्ये आहे. मंडळीत येणे सोडलेल्या तिघा-चौघा तरुणांना तिथे बोलवावे, पहिला तास त्यांनीच बोलावे आणि आईवडिलांनी फक्त ऐकावे, अशी विनंती मी पाळकसाहेबांकडे केली आहे. आणखी एक विनंती केली आहे. कपाटात बाप्तिस्म्याची सर्वांत जुनी नोंदवही आहे, पाने पिवळी पडलेली, शाई फिकट झालेली. ती त्या दिवशी टेबलावर उघडून ठेवावी, आणि घरादाराच्या हक्काबद्दल बोलणाऱ्या त्या गृहस्थांनी पहिल्या काही पानांवरची नावे मोठ्याने वाचावीत. बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या नावापुढे त्याच्या वडिलांच्या नावाचा रकाना आहे. कुणी म्हसोबाचे नाव लावलेला बाप, कुणी खंडोबाचे. आपल्या मुलाचे नाव त्या वहीत लिहिले जात असताना यांतले कितीतरी बाप मंडळीत हजर नव्हते.